दीडशे शब्द

फहाहीलला मंडळाच्या हॉलात
शुक्रवारची मराठी शाळा भरते,
सकाळी नऊला. जुम्म्याच्या अजानआधी सुटते.
खुर्च्या काल रात्रीच्या साखरपुड्याच्या,
पाठीवर अजून सॅटिनचे बो.

निबंध दिला होता: माझे वडील. शब्द दीडशे.
सतरा वह्या आल्या.
त्यातल्या अकरा वह्यांतले वडील
रोज संध्याकाळी सहाला घरी येतात,
हातपाय धुतात, दिवा लावला की पाढे घेतात,
आणि दर रविवारी मुलांना बागेत नेतात.

रविवारी!
इथे रविवारी सगळ्यांचे वडील कामावर.
कुणाचे मिना अब्दुल्लाच्या रिफायनरीत,
कुणाचे ऊन चढायच्या आत पाइप मोजत.
बागेत त्या दिवशी मांजरं असतात
आणि नळी धरून उभा एक माळी.

एका मुलीने तर
'येथे वडिलांचे नाव लिहावे'
हेसुद्धा सुवाच्य अक्षरात उतरवलं होतं,
खाली पट्टीने रेघ मारून.

उजैर परकारने मात्र मेहनत घेतली होती.
'दिवा लावला की' खोडून 'एसी लावला की'.
'बाबा'चं 'अब्बा' केलं होतं सगळीकडे,
फक्त नवव्या ओळीत एक बाबा राहून गेला,
मजला चुकून भलत्याच दारात उभा राहिल्यासारखा.

त्याला मागे बोलावलं, चहाच्या थर्मासपाशी.
रागवायची वाक्यं तयारच होती.
ती मला माझ्या बाईंकडून मिळालेली,
त्यांना त्यांच्या गुरुजींकडून.
मूळ कुणाची, ते कधी कुणी विचारलं नाही.

का केलंस?
तो वहीच्या कोपऱ्याची सुरळी करत राहिला.
मग म्हणाला,
मॅडम, तुम्ही दीडशे सांगितले.
माझ्याकडे चाळीसच होते.

मला टायपिंग सेंटर आठवलं.
ह्यांची नोकरी गेली त्या मार्चमधलं.
टायपिस्टने दुसऱ्याच कुणाचा अर्ज उघडला,
नाव बदललं, पासपोर्टचा नंबर बदलला,
'मी, माझी पत्नी आणि तीन मुले' तसंच ठेवलं.
आम्हाला मूल नाही, मी म्हटलं.
असू दे, तो म्हणाला, तीन बरी दिसतात.
ह्यांनी सही केली.
अर्ज मंजूर झाला.
त्या तिघांचं पुढे काय झालं, माहीत नाही.

तर मी उजैरला म्हटलं, तेवढेच लिही, चाळीस.
तो एका बोवाल्या खुर्चीवर बसला,
मांडीवर वही, जीभ दातांत.

माझे अब्बा रिगवर असतात.
अठ्ठाविस दिवस तिकडे, अठ्ठाविस इकडे.
आले की तीन दिवस झोपतात.
आम्ही टिव्हीचा आवाज चारवर ठेवतो.
जाताना बॅगेत मोजे मी मोजून ठेवतो, चौदा जोड.
एकदा तेराच ठेवले.
अब्बा तरी अठ्ठाविस दिवसांनीच आले.

मी सवयीने शब्द मोजले.
पस्तीस. चाळीसही नव्हते त्याच्याकडे.
अठ्ठावीस तीनदा चुकलेला,
तिन्ही वेळा एकसारखा.
लाल पेनचं टोपण मी परत लावलं.

बाकी सोळा वह्यांवर शेरा लिहून झाला होता:
प्रयत्न चांगला. अक्षर सुधारा.
सोळाही वह्यांवर तोच.
गेल्या वर्षीच्या वह्यांवरही तोच असेल.

बाहेर अजान झाली.
मुलं चपलांच्या ढिगात आपापली जोडी शोधू लागली,
उजैरही पळाला, वही खुर्चीवर टाकून.
कुणीतरी एसी बंद केला.
शेऱ्याच्या चौकटीत
माझ्या हाताने 'प्र' काढला होता,
त्याच्यापुढे काय लिहावं
ह्याला कुठेच नमुना नव्हता.