खारजाईची चोळी

मार्गशीर्षातल्या अमावास्येच्या आदल्या पहाटे
खारजाईचं कवच सुटलं.
गुरवाचा सुभान्या कळशी घेऊन गाभाऱ्यात गेला
तर आई अर्धी जमिनीवर.
ओरडला नाही. अनवाणी
थेट माझ्या दारात येऊन उभा.
माझ्याच का, कोण जाणे.
तिची मापं माझ्या वहीत असतात, म्हणून असेल.

एकवीस वर्षं तिची जत्रेची चोळी मी शिवते.
छाती अठ्ठेचाळीस, गळा नाही,
पाठीला नाड्या, हिरवा खण, लाल काठ.
मापं घेताना हात थरथरायचे पहिली काही वर्षं.
एवढे मोठे डोळे चांदीचे, आणि ते
टेपकडेच बघत असल्यासारखे.

खपल्या वीतभर जाड. आत रेघा,
झाडाच्या बुंध्यात असतात तशा.
पदूनाखवा बोट ठेवून सांगायला बसला:
ही काळी, प्लेगातली, वर्षभर तेल घालायला माणूस नव्हता.
ही फिकी, संपातली, तेव्हा शेंदूरही उधारीचा.
खरं-खोटं कोण तपासणार.
आणि एका खपलीत, मधोमध,
एक सुपारी.

कौलाची.
डावीकडे पडली नाही, उजवीकडेही नाही.
कुणीतरी काहीतरी विचारलं असेल,
पाय भरून येईपर्यंत उभं राहिलं असेल,
मग दिवेलागण झाली म्हणून घरी गेलं असेल.
वरून पुढच्या वर्षीचा शेंदूर.

दुपारपर्यंत अख्खा कोळीवाडा बघून गेला.
चांगुणा वैती म्हणाली, माजीच हाय ती,
आणि खाली बसली. तिची होडी
कुठल्या साली परतली नाही, सगळ्यांना ठाऊक.
बिल्डरच्या कागदावर सही करून आलेला मोरेश्वर
काहीच बोलला नाही. खूप वेळ बोलला नाही.
माझी नव्हती.
माझी पडली होती, नीट आठवतंय,
उजवीकडे पडली होती.
तरीही.

खाली निघाली ती हातभर.
काळा दगड, नाकाचा टवका उडालेला,
एक गुडघा दुमडून बसलेली, ओठ मिटून.
दहा-अकरा वर्षांची पोर वाटावी,
कुणी रागावल्यावर बसते तशी.
हिला आम्ही इतके घाबरत होतो?

खपल्या गोणपाटात बांधून नाखव्याने बारा वाव पाण्यात सोडल्या.
जरा वेळ शेंदरी डाग राहिला लाटेवर,
पलीकडे पुलावर गाड्यांचे दिवे सरकत होते,
मग डाग गेला.
सुपारी मात्र कुणी बुडवू दिली नाही.
कुठे ठेवली, गुरव सांगत नाही.

पौषी पौर्णिमा आठ दिवसांवर.
मालवणचा खाजेवाला दरवर्षीच्या जागी, गटाराच्या झाकणावर.
हाताने फिरवायच्या पाळण्याला यंदा परवानगी नाही,
टॉवरच्या गेटसमोर येतो म्हणे.
ओट्यांचे नारळ भायखळ्याहून, झेंडू दादरहून,
पालखीचे भोई निम्मे विरारहून,
भाड्याने तिकडे गेलेले.
आणि माझ्या मशीनवर तयार चोळी,
अठ्ठेचाळीस छातीची.

पुन्हा टेप घेऊन गेले.
यावेळी तिच्यासमोर बसावं लागलं, मांडी घालून.
बावीस भरली.
थंडगार पाठ. माझा हात थरथरला नाही,
ते जरा चुकल्यासारखंच वाटलं.

रात्री सगळी उसवली.
नवा खण घेतला नाही, त्यातलाच कापला,
पण काखेत आणि पाठीत
चार-चार बोटं माया आत सोडली,
वाढत्या अंगाच्या पोरीला सोडतात तशी.
वहीत अठ्ठेचाळीस खोडलं नाही.
खाली बावीस लिहिलं, पुढे तारीख.

पौर्णिमेला सुभान्याने तेलात शेंदूर कालवला
आणि पहिला हात दिला. पातळ.
चांदीचे डोळे मोठे पडतात, म्हणून ताटात नुसते ठेवले होते.
चांगुणा रांगेत माझ्यापुढे होती.
तिची पाळी आली तेव्हा तिने कौल लावला नाही,
खाज्याचा एक तुकडा तेवढा पुढे केला,
उडालेल्या नाकाखाली.