अलीकडचे

जुना संगणक परवा गेला.
ग्रिम्स्बीच्या टाकाऊ केंद्रात अच्युतने तो स्वतःच्या हातांनी
बंद पडलेल्या वॉशिंग मशीनच्या रांगेत ठेवला,
आणि येताना कांद्याची रोपं घेऊन आला.

त्यात सगळं जागच्या जागी होतं.
आमच्या भाजीमळ्यांच्या संघाची मी खजिनदार, एकोणीस वर्षं.
शेडमध्ये फावड्याला खिळा, खुरप्याला खिळा,
तसं त्यात हिशेब, हिशेबात साल, सालात पाणी,
पाण्यात ‘शेवटचं’, ‘खरंच शेवटचं’, ‘शेवटचं ३’.
माउस धरून उतरत जायचं, जिना उतरावा तसं.
कुठे काय पुरलंय ते मनगटाला पाठ.

आता हा टॅबलेट. शाळेच्या पाटीएवढा.
लेकीने लीड्सहून येऊन सगळं यात ओतून दिलं.
“आई, फोल्डर कसले शोधतेस? शब्द टाक, येतं समोर.”
येतं खरं. कुठून येतं ते सांगत नाही.
एक प्रत या अ‍ॅपच्या पोटात, एक त्या,
आणि ओढून न्यायला जावं
तर बोटाखालून सटकते, न्हाणीतल्या साबणासारखी.
तळघर नसलेलं घर. जे आहे ते दारात.

ग्लेंडा ब्रॅडवेलला २०११चं बिल हवं होतं.
तेव्हाचा नळ कुणाच्या पैशांनी बदलला
यावरून तिची आणि चौदा नंबरवाल्याची जुंपली आहे.
मी टाकलं : पाणी.
एकोणीस बिलं आली.
विसावं एक पत्र.

‘अच्युत, आता पाणी डोक्यावरून गेलंय.’

इतर, त्यात इतर, त्यात नवीन फोल्डर, त्यात अजून एक नवीन फोल्डर.
इतकं खोल, की मलाच उकरावं लागलं असतं.
दोन पानं. मुद्दे क्रमाने, हिशेबनिसाला शोभतील असे.
तळाशी डॉन्कास्टरच्या गाडीची वेळ, सकाळी सहा बावीस.
ती मी पकडली नाही.
का, ते पत्रात नाही,
आणि दुसऱ्या कुठल्या फाइलमध्येही नाही.

वाचून मिटलं. बघते तर
टॅबलेटने ते उचलून सगळ्यात वर ठेवलेलं,
‘अलीकडचे’ म्हणून.
त्याला बिचाऱ्याला तेवढंच कळतं,
शेवटचा हात कशाला लागला.

बोट दाबून धरलं. काढून टाकायचं? त्याने विचारलं.
मी बोट उचललं.

मग बसून एकोणीस बिलं उघडली,
एकेक उघडली, मिटली,
पायाने माती लोटावी तशी.
पत्र खाली, अजून खाली, काचेच्या बाहेर.

अच्युत मागच्या दारात चिखलाचे बूट काढतोय.
“दे बघू ते इकडे,
कांद्यांत अंतर किती ठेवायचं बघतो.”

“चार बोटं,” मी म्हणते.
“आणि हात धू आधी.”