वाकडी खिडकी

बस खोऱ्याच्या तोंडाशी सोडते, पुढे तासभर पायपीट,
ओढा कधी डाव्या हाताला, कधी उजव्या.
तिसऱ्या पुलावर एक कुत्रं सोबतीला आलं
आणि मठाच्या फाटकाशी, तिकीट नसल्यासारखं, थबकलं.

छप्पर नाही. चार भिंतींत कमरेइतकं गवत,
गवतात घंटा वाजते, ती मेंढीच्या गळ्यातली.
लुडविक म्हातारा, पट्ट्याला किल्ल्यांचा जुडगा
(कुलुपं दोनच उरलीत), मोडक्या जर्मनमध्ये सांगतो:
चोवीस खोल्या होत्या, चोवीस साधू,
प्रत्येकाला आपापली वाफाभर बाग,
आणि बोलायचं आठवड्यातून एकदा, तेही चालता चालता.
मग बादशहाचा हुकूम आला. साधू गेले.
दगडांना हुकूम नव्हता, तरी तेही गेले.

एक खोली उभी आहे.
तिच्या भिंतीच्या पोटात
काटकोनात वळलेली खिडकी:
बाहेरच्याने पाव ठेवावा, आतल्याने हात घालावा,
तोंड कुणाचं कुणाला दिसू नये.

जुन्या धर्मशाळेत आता सांस्कृतिक केंद्र.
कॉफीचं यंत्र, मुलांनी रंगवलेले निळे साधू,
गुरुवारी अग्निशामक दलाची अकॉर्डियनची तालीम.
भिंतीवर खोऱ्याचा नकाशा, त्यावर लाल टाचण्या:
कुठला दगड कुणाच्या घरात.
नेझ्काने, केंद्र चालवणाऱ्या मुलीने, घरोघरी पत्रं धाडली.
काही परत आले. एक उंबरा. विहिरीचा काठ.
आणि अर्धा देवदूत,
जो कोबी आंबवायच्या पिंपावर वजन म्हणून
शंभर वर्षं बसून होता. नाक जवळ नेलं
तर अजून आंबूस वास येतो.

एक दगड येत नाही.
तो झोफ्काच्या डुकरांच्या खुराड्यावर, दारावरची शिळा.
झोफ्का लुडविकची धाकटी बहीण.
टाचणी त्यानेच टोचली, अकरा वर्षांपूर्वी,
तेव्हापासून अबोला.
‘काय कोरलंय त्यावर?’
‘लॅटिन,’ नेझ्का म्हणाली. ‘गप्प राहा, एवढंच.
डुकरांनी ते कधी मनावर घेतलं नाही.’

बारा वाजता लुडविक त्या खोलीत शिरला
आणि दार ओढून घेतलं.
पायवाटेने एक बाई आली, हातात झाकणाचा डबा,
भिंतीशी वाकली, डबा वाकड्या खिडकीत सरकवला,
कालचा रिकामा, घासलेला, बाहेर काढला.
त्यात चार आलुबुखार होते. एक खाल्लं,
बी ओढ्यात थुंकली,
मग मला पाहिलं.

तिच्या भाषेतले माझे शब्द मोजून चाळीस.
त्यांत मीठ होतं.
त्याला सांग, मीठ कमी आहे. डॉक्टर.
मी वळसा घालून दाराशी गेलो. सांगितलं.
आतून चमच्याचा आवाज थांबला.
तिला सांग, कळलं.
पुन्हा वळसा. पुन्हा सांगितलं.
तिसऱ्यांदा तिने वांग्यांबद्दल काहीतरी विचारलं
किंवा छपराबद्दल, ते मला झेपलं नाही,
तरी जसंच्या तसं नेऊन पोचवलं,
आणि आतून हसण्यासारखा खोकला आला,
किंवा खोकल्यासारखं हसू.
एवढ्यात मी भिंतीचाच एक भाग झालो होतो,
तो वळलेला.

मौन आणि अबोला, माझ्या भाषेत दोन शब्द आहेत.
नेझ्काला फरक सांगायला गेलो, जमलं नाही.
तिने अभिप्रायाची वही पुढे केली.
लिहिलं: देवदूताला धुऊ नका.

परतताना खुराडं वाटेतच लागलं.
झोफ्का दर ईस्टरला चुना मारते म्हणे, सगळ्या भिंतीला.
शिळेवरही मारते. फक्त अक्षरांपाशी
कुंचला कडेकडेने, जपून गेलेला दिसतो.
आत डुकरीण पिलांना पाजत होती, भलताच गोंगाट.

तिसऱ्या पुलावर ते कुत्रं बसलं होतं.
उठलं नाही. शेपटी एकदा आपटली.
बस साडेचारची.