बरणी क्रमांक एक्केचाळीस

फॉर्मॅलिनमध्ये सगळेच शेवटी
ओल्या खोबऱ्याच्या रंगाचे होतात.
हीसुद्धा. करंगळीच्या पेराएवढी,
शंख टाकून दिलेली समुद्रातली गोगलगाय,
आंबा घाट ओलांडून सांगलीत,
कॉलेजच्या जिन्याखालच्या कपाटात.

चिठ्ठीवरची शाई पसरलेली:
‘ओहोटी. खडकाखाली. कड...’
पुढचं बुरशीने खाल्लं.

पुस्तक विचारतं, कड पिवळी की नारिंगी?
पिवळी असेल तर पान बावीस,
नारिंगी असेल तर तीस.
मी भिंग धरते. दोन शिंगं.
पाठीवर मिटलेलं कल्ल्यांचं फूल.
आणि उलटी केल्यावर, म्हणीतल्यासारखा,
पोटातच पाय.

दस्तगीर मुलाणी बरण्या पुसत होते.
“ही व्हय? सत्त्याऐंशीची रत्नागिरीची ट्रिप.
डबा मीच धरला हुता.
जांभळी हुती, मॅडम. वांग्यासारखी न्हवं,
वांग्याच्या फुलासारखी.”

आणि कड?

ते थांबले. फडकं खांद्यावर टाकलं.
वडील त्यांचे मार्केट यार्डात
हळदीच्या काट्यावर होते.
“हळकुंड वरनं दिसतंय तसं न्हाई.
मोडल्यावर आत दिसतंय, ते.
पण वलं.”

मी पान तीस उघडलं.
तिथला छापील नारिंगी
एकदम कोरडा वाटला.
बावीसही बघितलं. तेही कोरडंच.

संध्याकाळी नवी चिठ्ठी लिहिली, पेन्सिलीने,
शाईवर आता विश्वास नाही.
नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवलं.
रंगापुढे नाही.