छाननी, चोडण

रायबंदरहून सकाळच्या फेरीबोटीने आलो.
काखेत फायली, पिशवीत शिक्का
आणि नियमांचं पुस्तक,
ज्याची पानं मागच्या पावसात भिजून
कडेला लाटांसारखी उठलीत.

कुळ संघाची निवडणूक.
जागा पाच, अर्ज सहा.
शाळेची खोली, तिसरीच्या मुलांचा बाक,
माझे गुडघे फळीला लागतात.

उमेदवाराला पंचवीस पूर्ण असावीत.
एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव असावं.
बांधाच्या वर्गणीची बाकी नसावी.
संघाकडून पगार, मजुरी, ठेका, काही घेत नसावा.
दिवाळखोर नसावा. वेडा नसावा.
पोहता यावं, असं कुठे म्हटलेलं नाही.

इनासियो फुर्ताद. उतारा आहे, पावती आहे.
तो स्वतः स्विंडनला, गोदामात रात्रपाळीला;
सही तेवढी पाकिटातून आली.
मतदारयादीत नाव शिल्लक आहे. मंजूर.

पुंडलीक च्यारी. मानशीवरच्या मासळीची पावणी
दर साल त्याचा मेव्हणा घेतो.
मेव्हणे या नियमावलीत येत नाहीत. मंजूर.

तिसऱ्याच्या शेतात तीन वर्षं खारं पाणी,
खारफुटी माझ्या खांद्याएवढी.
कागदावर तिथे अजून भात. मंजूर.

चौथा आणि पाचवा सख्खे भाऊ,
खोलीच्या दोन टोकांना उभे.
दोघेही मंजूर.

सहावा अर्ज पिएदाद कुलासो.
वय एकोणसाठ. घोट्यापर्यंत सुकलेला चिखल,
दारातच चपला काढून आलेली.
मानशीची दारं उघडते, पाडते,
बाप गेल्यापासून, एकवीस वर्षं.
त्याबद्दल संघ महिन्याला देतो अठराशे.
व्हाउचरं समोरच होती,
प्रत्येकावर तिची वळणदार, सावकाश सही.

नियम सात, पोटकलम ग.
मी बोट ठेवून दाखवलं.
म्हटलं, काल राजीनामा दिला असतात
तर आज अर्ज बसला असता.

"काल दिला असता," ती म्हणाली,
"तर काल दार कोणी पाडलं असतं?"

पाचही मंजूर माणसं खिडकीबाहेर बघू लागली.
माझ्याकडे या उत्तरासाठी रकाना नव्हता.
मी पॅडवर शिक्का दाबला. शाई वाळलेली,
दोनदा दाबावा लागला: अपात्र.

तिने घड्याळ पाहिलं नाही,
व्हरांड्यातलं ऊन पाहिलं.
"बाब, वेगीं कर. आज अष्टमी, भांगाचं पाणी,
आळशी असता. तरी दोनाच्या आदीं दार पडूंक जाय."
मग अर्ज मागितला. देता येत नाही, म्हटलं,
फेटाळलेलेही फायलीत राहतात.
"राहूं दे. पेन दी."

आणि उलट्या बाजूला, बाकावर वाकून,
तिने लिहिलं:
नवमी, पावणेसात.
दशमी, साडेसात.
एकादशी, सव्वाआठ.
अशी पुनवेपर्यंतची भरती.
खाली: उधाणाच्या दोन रात्री
उत्तरेचं दार अडकतं,
खालून तिसऱ्या फळीला खांदा लावायचा.

"निवडून येतले, तांकां दी."
चपला हातात घेऊन ती बांधावरून गेली.

पाच जागा, पाच उमेदवार. बिनविरोध.
अहवाल दोन ओळींचा झाला.
फाईल बांधताना तो कागद सर्वात वर ठेवला,
मग क्रमांकाप्रमाणे सर्वात खाली.

परतीच्या फेरीबोटीत कठड्याला टेकून
पहिल्यांदाच बघत होतो
पाणी कुठल्या बाजूला चाललंय.
कळलं नाही.
दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.