पान एकशेबारा

फ्राडल कोर्नब्लिटचं नाव मी माझ्या हातानं खोडलं,
लाल पेन्सिलीनं, एका मंगळवारी,
बुखारेस्टच्या सरकारी छापखान्यात, तिसऱ्या मजल्यावर.
वरून चिठ्ठी आली होती:
बाईंनी देश सोडायचा अर्ज केला आहे.
अर्ज करणाऱ्यांनी कधीच काही अनुवादलेलं नसतं.
मी मुद्रितशोधक. चुका काढणं माझं काम.
त्या दिवशी ती चूक होती.

तिला मी अकरा वर्षं ओळखत होतो,
म्हणजे तिच्या अक्षराला.
पान लिहून झालं की सगळ्या 'टी'वरच्या आडव्या रेघा
ती एकदम मारायची,
रात्री भांड्यांवर झाकणं ठेवावीत तशा.

चेर्नोव्हित्सला वडिलांचं हातमोज्यांचं दुकान.
शाळेत जर्मन, चुलीपाशी यिडिश,
बाजारात युक्रेनियन,
आणि कचेरीत, टोपी काढून, रुमानियन.
"चार भाषांत गप्प बसायला शिकले," ती म्हणायची.

पहिला अनुवाद बुग नदीपलीकडच्या छावणीत,
वय एकोणीस.
पहारेकरी ओरडायचा, ती बायकांना हळू सांगायची,
शिव्या गाळून.
"संक्षिप्त आवृत्ती," मला म्हणाली,
आणि हसली नाही.
मानधन अर्धा बटाटा. तो आईला दिला.
आई त्याच आठवड्यात गेली.
याच्या पुढचं तिनं सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

आमच्याकडे ती रशियनमधून ट्रॅक्टर आणायची,
वर्षाला दोन कादंबऱ्या,
बीटच्या शेतात प्रेमात पडणारी माणसं.
रात्री मात्र लाइझर बित्नरच्या यिडिश गोष्टी.
बित्नर मेला होता,
त्याचे वाचक त्याच्याही आधी.
तिच्या स्वतःच्या कविता बुटांच्या खोक्यात होत्या म्हणे.
खोकं मी पाहिलं. झाकण नाही उघडलं.

बित्नरच्या पुस्तकात, पान एकशेबारा,
शेजारणीच्या मुलीचं लग्न ठरतं,
आणि एक म्हातारी काहीतरी करते: *फार्गिनेन*.
म्हणजे काय?
"दुसऱ्याचं भलं डोळ्यांत खुपू न देणं.
नाही, थांबा. त्याहून थोडं जास्त.
तिच्या ताटात वाढलं म्हणून
माझ्या ताटातलं गेलं नाही, हे पोटाला कळणं.
तुमच्याकडे हेव्याला सात शब्द,
तो नसण्याला एकही नाही."
तिनं जागा कोरी सोडली.
मी समासात प्रश्नचिन्ह घालून पाठवायचो,
ती प्रश्नचिन्ह खोडून परत.
असे दोन महिने.

पुस्तक आलं. अनुवाद: कोर्नेल झामफिर,
संपादकांचा मेहुणा, ज्याला यिडिशचं एक अक्षर येत नव्हतं.
त्याला पारितोषिक मिळालं.
तिसऱ्या रांगेत बसून मीही टाळ्या वाजवल्या.

पासपोर्ट नऊ वर्षं आला नाही.
ती हातमोजे शिवून जगली.
वाकारेश्तीत कुणी तिचं नाव घेतलं
की मी रस्ता ओलांडायचो.

मग एका जानेवारीत माझ्या दारात उभी.
आत आली नाही. खांद्यावर बर्फ, काखेत पुस्तक.
मला वाटलं, आता बोलेल.
"पान एकशेबारा," ती म्हणाली.
"मेहुण्यांनी तिथे लिहिलंय, 'म्हातारीला आनंद झाला.'
चुकीचं नाही, पण खोटं आहे.
दुसऱ्या आवृत्तीत जागा पुन्हा कोरी करा."
नावाबद्दल अवाक्षर नाही.
जाता जाता खिशातून एक पुडी काढली.
माझ्या मुलीला शाळेत नोकरी लागल्याचं
तिला कुठूनसं कळलं होतं.
करड्या कातड्याचे हातमोजे, आतून लोकर,
अंगठ्याची शिवण दुहेरी.
पोरीला ते नेमके बसले.

दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा
ती हैफाला पोचली होती की बोटीवरच होती,
ठाऊक नाही.
संपादकांनी पान पुढे सरकवलं,
मधल्या त्या पांढऱ्या भोकावर बोट ठेवलं.
हे काय? शब्द गळालाय?
हो, म्हणालो.
चूक माझी.