गिलावा

स्केल्डनच्या दप्तरखान्यात तेवीस वर्षं
मी कागद आणून देतो आणि परत नेऊन ठेवतो.
शाईचं पेन आत चालत नाही, पाणी चालत नाही,
ओला कोट खुंटीला. हे सांगायचं काम माझं.

डॉक्टर म्युरिएल हॅस्लम यांना सांगावं लागत नाही.
त्या आल्या की मी न विचारता सात नंबरचा गठ्ठा काढतो:
गावच्या खजिनदाराचा जमाखर्च, सन १५९३,
एका कडेनं उंदरांनी, दुसरीकडून पुराच्या पाण्यानं वाचलेला.

त्या साली राजधानीत प्लेग. नाटकघरांना कुलपं.
गाड्यावर झगे नि मुकुट लादून नटांची टोळी
वाट फुटेल तिकडे निघालेली,
आणि आमच्या गावात तिनं दोन दिवस खेळ केला
हे म्युरिएलबाईंनी सिद्ध केलं.
पुरावा एक ओळ. "सभागृहात प्ले",
मग शाईचा डाग, मग "र्स यांस,
दोन दिवसांचे, सहा शिलिंग आठ पेन्स."
खाली: केसांचे, दहा पेन्स.
खाली: शिडी, भाड्यानं.

केस म्हणजे टोप, राणी झालेल्या पोराचा.
शिडी म्हणजे सज्जा, किंवा किल्ला, किंवा स्वर्ग.
त्या तीन ओळींवर एक पुस्तक उभं राहिलं,
पुस्तकावर नोकरी, नोकरीवर पेन्शन,
आणि स्टेशनाबाहेर एक निळी पाटी: इथे नट आले होते.
लोक तिला टेकवून सायकली लावतात.

मार्चमध्ये नवा दिवा आला, जांभळ्या उजेडाचा.
डागाखालचं अक्षर वर आणतो म्हणे.
मी तो पानावर धरला. बाई वाकल्या.
त्यांचा श्वास ऐकू येत होता, मग येईना.

"मिस्टर टिंडल, हे तुम्ही वाचा."
ते जुनं वळण मला वाचता येतं
हे त्यांना ठाऊक असेल असं वाटलं नव्हतं.
मी वाचलं. प्लेस्टरर्स.
नट नव्हेत. गिलावा करणारे.

चुन्यात गायीचे केस कालवतात, भेग पडू नये म्हणून.
शिडी म्हणजे शिडी.

ध चा मा कुणी मुद्दाम केला नव्हता.
शाई सांडली होती, आणि तीस वर्षांच्या एका मुलीला
त्या डागातून ढोल ऐकू आला होता.
केसानं गळा कापतात म्हणतात;
तोही गायीच्या.

त्या रडतील म्हणून मी पेला भरून आणला
आणि दाराशीच उभा राहिलो, पाणी आत चालत नाही.
त्या पेन्सिलीला टोक करत होत्या.
कागदावर लिहिलं होतं: पान एकशे बारा, ओळ नववी. चूक.
थोडं खाली, पुन्हा गिरवून: माझी.

"सभागृह उघडं असतं का हो?"

तिथं आता लग्नं नोंदवतात. गुरुवारी कुणी जोडपं नव्हतं.
खुर्च्यांवर मागच्या वेळचे कागदी गुलाब.
छताला खिडकीपासून झुंबरापर्यंत एक भेग.
राखणदारीण, मिसेस स्प्रॅग, कुरकुरत शिडी घेऊन आली.
बाई एकाहत्तरच्या. मी नको म्हणालो.
त्या चढल्या, रेनकोटासकट, भिंग दातांत धरून.

मी शिडी धरून उभा. वरून बराच वेळ काही नाही.
मग: "आहे. तांबूस आहे.
एकच बाहेर आलाय, वाऱ्यानं हलतोय."

पान एकशे बारावर तो राणीच्या डोक्यावर होता.

मिसेस स्प्रॅगनं मला हळूच विचारलं,
बिल्डिंगखात्याच्या का या?
मी काही बोलणार तोच वरून आवाज आला,
सकाळी नऊला दार उघडताना असतो तसा:

"टिंडल, एवढं छत दोन दिवसांत होत नाही.
पैसे मात्र दोनच दिवसांचे दिलेत.
उद्या आठ नंबरचा गठ्ठा काढून ठेवा."